जावेनं बंदर घेतलं तो हंगाम

यंदाची पहिली आढी मी एकटीने घातली. मधल्या खोलीत पेंढा पसरला, त्यावर आंबे, पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे, आणि दार ओढून घेतलं. चार-सहा दिवस काही होत नाही. मग एका सकाळी चहा गाळताना तो वास येतो. आधी दाराच्या फटीतून, मग घरभर, मग अंगावरच्या गाऊनलासुद्धा. पिकत्या आंब्याच्या वासाने लोकांना म्हणे बालपण आठवतं. मला युद्ध आठवतं. घोड्यांच्या टापा, तुतारी, आणि टीव्हीवर डोळ्यांदेखत हातचं गेलेलं माझं बंदर.

हसू नका. मी राणी होते. जिच्या पदरी मांडलिक असतात अशी राणी. तेव्हा मी वयाने लहान होते. साठी ओलांडून थोडीच वर्षं झालेली, दोन्ही गुडघे देवाने दिलेलेच, आणि आपल्याला माणसं कळतात असा ठाम समज. गुडघे पुढे बदलून मिळाले. समज गेला तो गेलाच, त्याच्या जागी बसवायला डॉक्टरांकडे काही नव्हतं.

त्या एका हंगामात माझ्या हातून दोन गोष्टी गेल्या. एक ते बंदर. दुसरी माझी धाकटी जाऊ सुलभा, जी तेव्हा भिंतीपलीकडे राहत होती आणि आता पुण्याला चौथ्या मजल्यावर राहते. यातलं आधी काय गेलं, यावर माझा आणि नातीचा अजून वाद चालतो. मी म्हणते बंदर. ओवी म्हणते, "आजी, काकीआजी तर कधीच गेली होती. तुझं लक्ष नव्हतं."

आमचं घर म्हणजे दोन भावांनी मिरजोळ्याच्या रस्त्याला बांधलेलं एकच स्लॅबचं घर, मधोमध भिंत घातलेलं. अलीकडे आम्ही, पलीकडे भाऊजी आणि सुलभा. पुढचं खळं, म्हणजे अंगण, एक, विहीर एक, आणि भिंतीला स्वयंपाकघराशी एक दार. हे गेले, मागोमाग भाऊजी गेले, आणि त्या दाराच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघी उरलो. दाराला कडी होती, पण ती लावलेली मला आठवत नाही. मी पालीची, बाजारगावातली. गप्प बसले तर माझा घसा धरतो. ती मंडणगडची, डोंगरातली. तिच्याकडून एक वाक्य काढायचं म्हणजे खोल विहिरीतून कळशी शेंदायची. पण वाक्याची गरज काय होती? मी बोलायची, ती करायची. असा संसार मी तरी दुसरा पाहिला नाही.

तिचा मुलगा पुण्याला. "आई, आता इकडेच ये," असं दरवर्षी म्हणायचा आणि ती दरवर्षी "बघू" म्हणायची. तिचं ते "बघू" ऐकून मी निवांत असायची. सुलभा जाते कुठे? मला सोडून तिचं पान हलायचं नाही. असं मी चारचौघींत बोलूनही दाखवायची, तीही तिच्यासमोर, आणि ती मान खाली घालून कैऱ्या चिरत राहायची. मला वाटायचं, लाजते.

ओवी, माझी नात, तेव्हा कॉलेजात होती. परीक्षा संपवून मे महिन्यात ठाण्याहून आली ती लॅपटॉप घेऊन, आणि आल्या दिवशीच तिने एक वायर काढून तो टीव्हीला जोडला. दुपारच्या वेळी आम्ही दोघी टीव्हीसमोर फणसाचे गरे काढत बसायचो. मालिकेतल्या सुनेला तिसऱ्यांदा विष घातलं तेव्हा ओवी म्हणाली, "आजी, यापेक्षा तुम्ही दोघी स्वतःच कारस्थानं करा ना. मी शिकवते."

पडद्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखा नकाशा आला. षटकोनी खण, कुठे डोंगर, कुठे गवत, कुठे समुद्र. बाकी सगळं धुक्याखाली. आपलं माणूस जिथवर पोचेल तिथवरचं धुकं विरतं, आपलं माणूस राहतं तिथला नकाशा कायम उघडा. प्रत्येकाने आपापली टर्न घ्यायची. एक शहर वसव, एक तुकडी हलव, कुणाकडे वकील पाठव, मग माऊस पुढच्याच्या हातात. घाई नाही, पळापळ नाही. आपल्या टर्नला हवा तेवढा वेळ विचार करावा, तोवर बाकीच्यांनी गरे खावेत. हा खेळ वयस्कर बायकांसाठीच काढलेला असणार, अशी माझी खात्री झाली.

सुरुवात करण्याआधी मी टीव्हीसमोर उभी राहून गाऱ्हाणं घातलं. थट्टा म्हणूनच, पण आमच्याकडे विहीर खणायची असो की मुलीचं स्थळ बघायला जायचं असो, गाऱ्हाणं घातल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. "बा देवा महाराजा, आज या तीन लेकी नव्या राज्यावर बसतायत. कुणाची वाईट नजर असेल, कुणाच्या पोटात दुखत असेल, तर ते दूर कर आणि यांचा संभाळ कर, महाराजा!" ओवी आणि सुलभा एका सुरात ओरडल्या, "होय महाराजा!" सुलभा इतकी हसली की तिच्या मांडीवरचं गऱ्यांचं ताट कलंडलं. तिला असं हसताना मी फार वर्षांनी पाहिलं. हे मला आत्ता लिहिताना जाणवतंय. तेव्हा मी गरे वेचत होते.

मला समुद्रकाठ मिळाला. ओवीला उत्तरेचं गवताळ रान आणि घोडे. सुलभाला डोंगर, पोटात भरपूर लोखंड, पण एका बाजूलाही पाणी नाही. "मंडणगडच मिळालं गो तुला," मी म्हणाले. पूर्वेला एक राजा कॉम्प्युटरच चालवायचा. त्याच्या जाड मिशा आणि कपाळाच्या आठ्या बघून आम्ही त्याचं नाव मामलेदार ठेवलं.

मामलेदाराने पहिला हल्ला सुलभावर केला. मी तेव्हा लगेच मदतीला धावले, असं मी सगळ्यांना सांगत आलेय. ओवी म्हणते, आजी, तू आधी चहा प्यायलीस. असेल. राजकारणात चहा लागतो. सुलभाची दोन शहरं पेटल्यावर मी माझा वकील पाठवला: तू माझी मांडलिक हो, मी तुझं रक्षण करते. पडद्यावर दोन बटणं आली, मान्य आणि अमान्य. सुलभाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "दाब की. बघतेस काय? घरातल्या घरातच आहे." तिने दाबलं. तिच्या हिरव्या नकाशाभोवती माझी लाल रेघ उमटली, तुतारी वाजली, आणि, खोटं कशाला बोला, माझ्या अंगावर काटा आला. एवढी वर्षं घरात थोरली होते, पण त्याबद्दल माझ्यासाठी तुतारी कुणी वाजवली नव्हती.

ओवी म्हणाली, "आता तहपण करून टाका. तो केला की एकमेकींवर चालून जाता येत नाही. गेलं तर सगळे राजे मोडणाऱ्यावर उलटतात. दोघींनी इथे क्लिक करायचं."

आणि इथे मी ती गोष्ट केली, जिच्यासाठी पुढे ओवीच्या सगळ्या मैत्रिणींना माझं नाव माहीत झालं. मी म्हणाले, "जावाजावांत कसली बटणं? नारळ आण."

तुम्ही आमच्या बाजूचे असाल तर हसणार नाही. आमच्याकडे सरहद्दीच्या गडग्याचं भांडण असो, गुरं शेतात शिरलेली असोत की कुणी कुणाच्या फणसाला हात लावलेला असो, शेवट देवासमोर नारळावर हात ठेवून होतो. कोर्टाचे कागद फिरवलेली माणसं मी पाहिलीत. नारळावर ठेवलेला हात फिरवलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तर टीव्हीच्या फळीवर नारळ ठेवला, आम्ही दोघींनी त्यावर हात ठेवले, आणि मी म्हटलं, "आम्ही दोघी एकमेकींना सोडणार नाही." सुलभाही म्हणाली. तिचा हात माझ्या हाताखाली होता, विळीने कापलेल्या अंगठ्याला चिंधी बांधलेला. मी खेळातलं बोलत होते का? मला नाही वाटत. मला वाटतं, मी तिच्या पुण्याला जाण्याचंच बोलत होते, आणि तिला ते कळलं होतं.

"आजी," ओवी कळवळून म्हणाली, "गेमला नारळ कळत नाही."

"नाही कळत तर शिकव त्याला," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्या नारळाचं खोबरं काजूच्या उसळीत गेलं.

मांडलिक कसा संभाळावा याचं त्या खेळात मोठं शास्त्र आहे. त्याच्याकडून खंडणी किती घ्यायची, त्याचं सैन्य किती राबवायचं, त्याला स्वतःचं काय करू द्यायचं. मांडलिकाच्या नावापुढे एक छोटा गोल चेहरा असतो. खूष असला तर हिरवा, कुरकुरत असला तर पिवळा, मग तांबडा. मी काय केलं, सांगते. मी सुलभाला मान दिला. आमच्या शिमग्यात असतो तसा. विजयाचा सोहळा झाला की पहिली भेट तिला. तिला किताब दिला, धाकटी महाराणी. दरबाराच्या चित्रात माझ्या उजव्या हाताला बसवली. आमच्या गावात मानाच्या एका नारळावरून घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी बोलत नाहीत. तेव्हा ज्याला मान मिळाला त्याला आणखी काय हवं, असं माझं गणित. बाकी तिचं लोखंड मी घेत होते. तिचे भालाईत मी माझ्या लढाईत उभे करत होते. ती एकदा म्हणाली, "वहिनी, मी दक्षिणेकडून समुद्रापर्यंत वाट काढू का? एक छोटंसं बंदर करीन म्हणते." मी म्हणाले, "तुला गो बंदर कशाला? माझं आहे ना."

"आजी, काकीआजीचा चेहरा पिवळा झालाय," ओवी म्हणाली.

"उन्हाने झाला असेल."

आता आठवलं की मला त्या बाईची, म्हणजे माझीच, मजा वाटते. काय तो रुबाब! डाव्या हाताला पंखा, उजव्या हाताला माऊस, तोंडात सुपारी, आणि हुकूम. "सुलभा, लोखंड पाठव." सूर तोच, ज्या सुरात मी सकाळी भिंतीतल्या दारातून सांगायची, "सुलभा, कोथिंबीर पाठव." आंब्याच्या रसाची साठं कुठल्या दिवशी वाळत घालायची, ते मी ठरवायचं. मासेवालीकडून काय घ्यायचं, ते मी, दोन्ही घरांचं. तिच्या खोलीला रंग कुठला, तोही मीच. आणि तो फिका हिरवा तिला फार आवडला असं सांगणारीही मीच. नवी नवरी होऊन आले तेव्हा सासूबाईंचा हुकूम ऐकताना मी मनात म्हणायची, माझं राज्य येईल तेव्हा बघा. आलं. बघितलं त्यांनी वरून, आणि गालात हसल्या असतील.

दुपारी जेवण झालं की माझा डोळा लागायचा. जाग आली की दिसायचं, ओवी आणि सुलभा खाटेवर डोक्याला डोकं लावून कुजबुजतायत. मला पाहून गप्प. मी समजले, डब्यातली साठं चोरून खातायत. मनात म्हटलं, खाऊ देत बिचाऱ्या. राणीने एवढं मोठं मन ठेवावं.

त्या खेळात अशी सोय आहे की तिसरं राज्य एखाद्या मांडलिकाच्या स्वातंत्र्याला गुपचूप पाठिंबा देऊ शकतं. ज्याचा मांडलिक, त्याला ते दिसत नाही. ही सोय मला शिकवायची ओवी विसरली होती.

तो दिवस मी विसरणार नाही. सकाळपासून लाईट नव्हती. हवा अशी की पान हलेना, कातळावरून झळा येत होत्या, आणि आढीचा वास इतका चढलेला की डोकं जड झालं होतं. आम्ही तिघी कोकम सरबत पीत पडवीत बसलो होतो. जेवणं आटोपल्यावर पंखा फिरला आणि ओवीने टीव्ही लावला. माझी सगळी फौज पूर्वेला होती. मामलेदाराची राजधानी आज पडणार म्हणून मी दोन दिवस तयारी केली होती. बंदरात एक म्हातारा भालाईत ठेवला होता, नावाला. तिथे भीती कुणाची? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सुलभा.

सुलभाची टर्न आली. तिने पदराला हात पुसले, माऊस घेतला, आणि काहीच केलं नाही. नुसती पडद्याकडे बघत राहिली. "चल गो, आटप," मी म्हणाले. मग तिने एकदा दाबलं. तिच्याभोवतीची लाल रेघ नाहीशी झाली. दुसऱ्यांदा दाबलं, आणि डोंगरातून तिचे भालाईत, तेच, जे जखमी आहेत म्हणून ती मला पाठवत नव्हती, ते माझ्या बंदरात उतरले. मागून ओवीचे घोडे. माझा म्हातारा एका फटक्यात गेला. पताका बदलली.

मी आधी हसलेच. "अगो, चुकून दाबलंस. ओवी, मागे घे ते."

"चुकून नाही, वहिनी," सुलभा म्हणाली.

"नारळावर हात ठेवला होतास."

"ठेवला होता."

"मग?"

तिने माऊस खाली ठेवला. "मला समुद्र हवा होता."

"माझा होता ना समुद्र! तुला कधी नाही म्हटलं होतं?"

"तुमचाच होता ना, वहिनी," ती म्हणाली. मग एक श्वास घेतला आणि त्याच दमात म्हणाली, "आणि मी पुण्याला जातेय. पाऊस लागायच्या आत. टेम्पो सांगून झालाय."

मी ओवीकडे पाहिलं. ओवी जमिनीकडे बघत होती. त्या क्षणी मला कळलं, तिला हे माहीत होतं. खेळातलं आणि बाहेरचं, दोन्ही. पुढच्या दोन दिवसांत आणखी कळत गेलं. आंब्याच्या पेट्या नेणाऱ्या टेम्पोवाल्याला माहीत होतं, कारण कपाट त्याच्याच गाडीतून जाणार होतं. मासेवालीला माहीत होतं. तिने तर मलाच विचारलं, "आता एकीपुरतंच घालू ना, काकी?" विहिरीचा पंप दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही माहीत होतं. सगळ्या दरबाराला ठाऊक, एका राणीला सोडून. आपलं माणूस राहतं तिथला नकाशा उघडा असतो, असं तो खेळ म्हणतो. मी वर्षानुवर्षं त्या भिंतीपलीकडे बिनधास्त पाहत आले, आणि तिथे तर पुरुषभर धुकं होतं.

"मला निदान सांगायचंस," मी संध्याकाळी तिला गाठून म्हणाले. ती खळ्यात कपडे काढत होती.

"सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतंत?"

"नसतं दिलं."

"म्हणून."

"काय कमी केलं गो मी तुला? दोन घास खाल्ले ते तुला वाढून खाल्ले. बाजारात चांगला बांगडा मिळाला तर आधी तुझ्या पातेल्यात."

सुलभाने चादरीची घडी घातली, ती छातीशी धरली, आणि म्हणाली, "मला बांगडा आवडत नाही, वहिनी. कधीच आवडला नव्हता."

एवढ्या वर्षांचा बांगडा माझ्या डोळ्यांपुढून गेला. तळलेला, आंबटतिखट, सुकवून भाजलेला. "मग खाल्लास कशाला?"

"तुम्ही वाढलात म्हणून."

बंदर गेल्याचं दुःख मला तीन दिवस झालं असेल. या बांगड्याचं अजून होतं. बंदर तिने एका दुपारी घेतलं, पण हे म्हणजे ती रोज दोन वेळा माझ्यासमोर पाटावर बसून मला फसवत होती आणि वर म्हणत होती, "छान झालंय." माणसाने रागवावं तरी कुठल्या दिवसापासून? पहिल्या बांगड्यापासून मोजायचं म्हटलं तर माझं अख्खं राज्यच खोटं निघतं.

मग मी युद्ध केलं. तिचं जायचं ठरलं होतं त्याच्या आदल्या दिवसापर्यंत खेळ चालू ठेवला, कारण बंदर परत घेतल्याशिवाय मी तिला सोडणार नव्हते. मामलेदाराशी तह केला; ज्याचं नाव घेतलं की मी थुंकायची, त्याला वकिलामार्फत भेटी पाठवल्या. त्याने त्या ठेवून घेतल्या आणि मदतीला आला नाही. सुलभाचं एक डोंगरातलं शहर मी जाळलं, निव्वळ चडफडाटाने. त्याचा मला काही उपयोग नव्हता. खेळताना आम्ही बोलायचो नाही. जेवणाची ताटं या दारातून त्या दारात ओवी पोचवायची. ती म्हणायची, "आजी, मी वकील आहे की वाढपी?" आणि त्या दाराची कडी मी पहिल्यांदा लावली. जाम झाली होती. गोडेतेल घालून, बत्त्याने ठोकून लावली. आवाज पलीकडे गेला असणारच. तो जावा म्हणूनच ठोकली.

बंदर काही परत आलं नाही. समुद्र मिळाल्यावर सुलभाने जी जहाजं बांधली, तिने आजवर काय काय गिळून ठेवलं होतं ते त्या जहाजांवरून दिसत होतं. बाई एवढी हुशार होती! एवढी वर्षं तिच्याकडून मी कोथिंबीर निवडून घेतली.

ती निघाली तेव्हा मी खळ्यात उभी राहिले, चारचौघांत दिसावं तशी. तिच्या हातावर दही घातलं. टेम्पोत कपाट, शिलाई मशीन, तुळशीची कुंडी. मी आंब्यांची करंडी दिली आणि म्हटलं, "पेंढ्यात ठेव, आठवड्यात पिकतील." करंडीत मी वेचून वेचून कोवळे आंबे भरले होते, जे पेंढ्यात ठेवा नाहीतर देव्हाऱ्यात, सुरकुततात आणि आंबट राहतात. पंधरा-वीस दिवसांनी तिचा फोन आला. "वहिनी, आंबे सगळे आंबट निघाले."

"पुण्याची हवा," मी म्हणाले.

ती हसली की नाही, फोनवर कळलं नाही.

तेव्हापासून आंब्याचे हंगाम येतात आणि जातात. फिका हिरवा रंग पलीकडे बंद खोलीत आहे. किल्ली माझ्याकडे असते. झाडायला जाते तेव्हा तिथे मी उगीच मोठ्याने बोलते. फोन होत राहिले, सणावाराला, कुणाच्या आजारपणाला. दोघी जपून बोलायचो, तब्येत, पाऊस, नातवंडं. बायकांना वाटतं, आमचं मिटलं. मिटलेलं नाही. तिने मला फसवलं, हे माझं आजही म्हणणं आहे. जाण्याचं नाही म्हणत मी. मुलाकडे कुणीही जातं. माझ्या हाताखाली हात ठेवून ती "सोडणार नाही" म्हणाली तेव्हा तिचं जायचं ठरलं होतं का, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारलं तर ती खरं सांगेल, अशी भीती वाटते.

या हंगामात ओवी दोनच दिवस आली. आता नोकरी करते, रजा मिळत नाही. तिने माझ्या टॅबवर तोच खेळ घातला, नवा निघालाय. आता एका घरात बसावं लागत नाही. आपण इथे आपली टर्न खेळायची, की तिकडे पुण्याला सुलभाच्या टॅबवर टुंग वाजतं. "काकीआजी रोज खेळते," ओवी म्हणाली. "तिच्या सोसायटीतल्या पाच बायका तिच्या मांडलिक आहेत." मी म्हटलं, मला नको. ओवी गेली त्या दुपारी मी राज्य सुरू केलं.

एक शहर जेमतेम वसवलं, तर चाचे आले. माझी दोन गलबतं गेली, मग धान्याची कोठारं. बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत, एकाच्या जागी दुसरंच दाबलं जातं. आणि मग पडद्यावर वकील आला, हिरव्या झेंड्याचा. महाराणी सुलभा आपणांस संरक्षण देऊ इच्छितात. मांडलिकत्व मान्य, की अमान्य?

मी उठले आणि चहा केला. दोन कप प्यायले. अमान्य दाबायचं, हे ठरलेलं होतं. शहर जळू दे, पण तिची हिरवी रेघ माझ्याभोवती नको. जिने नारळाला जुमानलं नाही तिच्या शब्दावर मी आता कशी विसंबू? परत येऊन बसले तर ती अजून थांबलेली. त्या खेळात उत्तर येईपर्यंत समोरच्याची टर्न पुढे सरकत नाही. म्हणजे पुण्याला चौथ्या मजल्यावर ती माझ्या उत्तरासाठी हातातलं सगळं ठेवून बसली होती. चांगला तासभर मी तिला बसवलं. एवढं तर माझं येणं होतं. मग डोळे मिटून मान्य दाबलं.

मांडलिक झाल्यावर पडदा बदलतो, हे मला ठाऊक नव्हतं. राणी असताना मी तो पाहिला कुठे होता? आपलं लोखंड आपोआप जातं. आपले भालाईत सकाळी असतात, दुपारी कुणाच्या तरी लढाईत असतात. विचारत कुणी नाही. पण खाली कोपऱ्यात एक बटण असतं, फक्त मांडलिकाला दिसणारं, तक्रार नोंदवा म्हणून. ते दाबलं की सम्राज्ञीला ती ऐकून घेतल्याशिवाय पुढची टर्न खेळता येत नाही. माझी मांडलिक असताना सुलभाने ते एकदाही दाबलं नव्हतं.

मी रोज दाबते. लोखंड कमी पडतंय. भालाईत दमलेत. तुमच्या वकिलाची भाषा उद्धट आहे. काही नसलं तरी दाबते. आणि ती बया तिथे खेळात उत्तर न देता सरळ फोन लावते, दुपारच्याच वेळी, जेव्हा पूर्वी आम्ही कैऱ्या चिरायला बसायचो.

"वहिनी," ती म्हणते, "आज काय झालं?"

"बस खाली," मी म्हणते. "वेळ लागेल."